समुद्राची बाटली

रोजची कॅब आली नाही म्हणून बरं झालं, असं जन्नत आता म्हणते. त्या दिवशी मात्र हिंजवडीच्या रस्त्यावर पाऊण तास उभी राहून ती नुसती धुमसत होती. शेवटी एक पांढरी गाडी समोर येऊन थांबली.

"पौड ना, मॅडम?"

"पौडच. आणि हॉर्न जरा कमी वाजवा, डोकं दुखतंय माझं."

"डोकं तर तुझं शाळेत बी दुखायचं. गणिताच्या तासाला."

जन्नतनं चमकून आरशात पाहिलं. दोन हसरे डोळे, आणि डाव्या भुवईवर तो जुना व्रण. चिंचेच्या झाडावरून पडून झालेला. झाडाखाली उभं राहून "अजून वर, अजून वर" म्हणणारी तीच होती की!

"रईस?... अरे, तू कुठं होतास इतकी वर्षं?"

"म्हाळुंग्याला. अब्बांनी दहावीनंतर तिकडं नेलं ना सगळ्यांना. आता कंपनीची गाडी चालवतोय. आजपासनं ही लाईन माझी."

अकरा वर्षं! अकरा वर्षांनी माणूस भेटतो आणि पहिली आठवण काढतो ती गणिताच्या तासाची. जन्नतला हसावं की रागवावं कळेना. गाडीत अजून दोन मुली होत्या. त्या पिरंगुटला उतरल्या आणि पौडपर्यंतचा रस्ता दोघांचाच उरला. डिसेंबरची थंडी होती. भात कापून झालेलं, खाचरांतून पेंढ्यांचा गोडसर वास येत होता.

पौडात उतरताना त्यानं हळूच विचारलं, "माझी बाटली... हाय का अजून?"

"आहे की," जन्नत म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

त्या बाटलीची गोष्ट सांगायलाच हवी. आठवीत असताना जन्नतला समुद्राचं वेड लागलं होतं. वर्गातल्या नकाशातला निळा रंग ती बोटानं पुसून बघायची. रईसचे इब्राहिमचाचा तेव्हा टेम्पो चालवायचे. त्यांच्याबरोबर श्रीवर्धनला नारळ आणायला निघालेला रईस ऐटीत म्हणाला, "थांब, तुझ्यासाठी समुद्र आणतो!" आणि चौथ्या दिवशी खरंच आपली हिरवी शाळेची बाटली भरून घेऊन आला. जन्नतनं बुचात थेंबभर घेऊन चाखलं. खारट! अगदी खारट! त्या दिवशी तिला रईस जगातला सगळ्यात मोठा माणूस वाटला.

पण चार दिवसांनी नळाला पाणी आलं नाही आणि तिच्या अम्मीनं काय करावं? ती बाटली सरळ आमटीत ओतली. अब्बा पहिल्या घासालाच म्हणाले, "मीठ दोनदा घातलंस का गं?" जन्नत हमसून हमसून रडली, आणि का रडते ते कुणाला कळलं नाही. रईसला सांगायचं तिला धाडस झालं नाही. तिनं गुपचूप विहिरीचं पाणी भरलं, त्यात मीठ ढवळलं आणि बाटली फडताळात मागं ठेवून दिली. ती आजतागायत तिथंच होती.

आणि नोकरी कसली मिळावी? सहलींच्या ऑफिसात. दिवसभर फोनवर ती लोकांना समुद्र विकायची. "वाळू अगदी पांढरीशुभ्र आहे सर, पाणी कोमट, बाजूला अभयारण्य, अन् प्राचीन अवशेष तर चालत दहा मिनिटांवर!" स्वतः तिनं समुद्र एकदाही पाहिला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते असं.

आठवडाभरानं पिरंगुट सुटल्यावर रईस म्हणाला, "मला बी एक सहल आखून दे ना. समुद्र पायजे. जंगल पायजे. आन जुनंपुराणं कायतरी बघायला."

"किती माणसं?"

"दोन."

दोन म्हणजे नवरा-बायकोच की! तरी ऑफिसातल्या आवाजात तिनं विचारलं, "लग्न ठरलं वाटतं?"

"ठरलं तर लई बरं व्हईल," तो रस्त्याकडं बघत म्हणाला.

झालं! म्हणजे ठरल्यातच जमा. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पण काम म्हणजे काम. शिवाय त्याची सहल दुसऱ्या कुणी आखावी हे तिला मुळीच खपलं नसतं. वेडी पोरगी! ज्याच्यावर जीव जडला, त्याच्याच मधुचंद्राचा कागद रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बसायची.

"पहिल्या दिवशी ताम्हिणी उतरून माणगाव. तिथून कुड्याची लेणी. दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत."

"तिला आवडतील?"

"मला काय माहीत तिला काय आवडतं!... दुसऱ्या दिवशी फणसाड अभयारण्य. शेकरू दिसतं तिथं."

"शेकरू तर आपल्या ताम्हिणीत बी हाय. अन् जुनं म्हणशील तर मुळशी धरणाचं पाणी उतरलं की देवळाच्या पायऱ्या दिसत्यात. आठवतंय? तू तितं बसून करवंदं खायाचीस अन् बिया मला मारायचीस."

"मग राहा की धरणावरच दोघं!"

तो हसला. तिला हसू आलं नाही. बाहेर सूर्य डोंगराआड चालला होता आणि आरशात ते डोळे पुन्हा पुन्हा तिच्याकडं येत होते. असं का बघतो हा? ठरलंय ना याचं?

"तिसऱ्या दिवशी अलिबाग," ती घाईनं म्हणाली. "किल्ला अगदी पाण्यात आहे, पण चालत जाता येतं. आता नाव सांग. दुसऱ्या प्रवाशाचं."

"रविवारी सांगतो. चाचांच्या दुकानात ये. अन्... बाटली पण आण. जाऊ तवा ते पाणी समुद्रात परत ओतू."

ते पाणी! विहिरीचं पाणी आता समुद्रात जाणार, तेही त्याच्या बायकोच्या हातून? जन्नतनं ठरवलं, रविवारी सगळं खरं सांगायचं, बाटली परत द्यायची आणि मोकळं व्हायचं. मग त्यानं कुणाशीही लग्न करावं.

इब्राहिमचाचांनी टेम्पो कधीच विकला होता. पौडच्या नाक्यावर आता त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. रविवारी सकाळी त्यांनी चष्मा लावला आणि जन्नतचा कागद मोठ्यानं वाचायला घेतला. वाचता वाचता अडले.

"दुपारी बारा वाजता किल्ला? चालत? आगं, ह्या तारखेला पुनव हाय. भरती आसंल."

"भरती?" जन्नत म्हणाली. "पण चाचा, पावसाळा कुठंय आता?"

"व्हय की," रईसनंही मान डोलावली. "थंडीत कसलं पाणी चढतंय?"

चाचा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. शाळेत भूगोलाच्या पुस्तकातून जन्नतनं भरती-ओहोटी घडाघडा पाठ केली होती. पण मुळशीच्या माणसाचं पाणी म्हणजे धरणाचं. ते पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं. अंगात मुरलेलं असं वेळेला बाहेर येतं.

"आरं, धरान हाय व्हय ते! दिसातनं दोनदा चढतंय अन् दोनदा उतरतंय. तुमच्यातल्या एकानं तरी समुद्र बघितलाय का?"

"यानं बघितलाय ना," जन्नत म्हणाली. "तुमच्याबरोबर. आठवीत."

चाचा खो खो हसत सुटले. "ह्यानं? ताम्हिणीत टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तवा! तीन दिस घाटातच काढलं अन् तितनंच माघारी आलो. समुद्र कुटला न् काय कुटलं!"

तेवढ्यात बाहेर एक मोटारसायकल आली. चाचा हसत हसतच तिचं चाक खोलायला गेले.

रईसनं मान खाली घातली होती.

"मग बाटलीत काय होतं रे?" जन्नतनं विचारलं.

"धरणाचं पाणी. अन् अम्मीच्या बरणीतलं मूठभर मीठ... तू वाट बघत असशील. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

जन्नतनं पिशवीतून हिरवी बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. "आणि यात विहिरीचं पाणी आहे. मूठभर मीठ माझं. तुझा समुद्र अम्मीनं चौथ्या दिवशीच आमटीत घातला."

दोघांनाही एकदमच हसू फुटलं. हसता हसता जन्नतच्या डोळ्यांना पाणी आलं. ते काही केल्या थांबेना.

"तुझ्यासंगं खोटं बोललो तवापासनं समुद्राकडं जायला तोंडच नव्हतं," रईस हळू आवाजात म्हणाला. "कोकणाचं भाडं कितीदा आलं, दर वेळी दुसऱ्याला दिलं. म्हटलं, बघीन तर तुला घिऊनच बघीन."

"ऑफिसची गोव्याची सहल मी दोनदा सोडली," जन्नत म्हणाली. "अम्मीला बरं नाही म्हणून सांगितलं. अम्मी ठणठणीत होती."

त्यानं कागद तिच्याकडं सरकवला. दुसऱ्या प्रवाशाच्या नावाची जागा कोरीच होती.

"निकाह झाल्याबिगर जायाचं न्हाई," तो म्हणाला. "पण नाव तुझंच हाय. पहिल्यापासनं हेच व्हतं. तू लिहितीस का... मी लिहू?"

जन्नतनं डोळे पुसले. पेन उचललं आणि आधी दुपारचे बारा खोडून संध्याकाळचे सहा केले. मग खाली आपलं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"आज दुपारी घरी ये जेवायला," ती म्हणाली. "आमटीचं मी अम्मीला सांगते. मिठाचं तू सांग. आणि मग मला माग."