रांगेतली हाक

हे घडलंय. माझ्यासोबतच घडलंय. कुणाला पटवत बसायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही, तेव्हा पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. संध्याकाळ व्हायला आली होती. जागा म्हणजे डोंगराच्या अंगाने वर जाणारा खडीचा कच्चा रस्ता. कुठला ते सांगणार नाही. सांगितलं तर कुणीतरी हौशी माणूस सायकल घेऊन तिथे हजर होईल, आणि मला तेच नकोय.

माझा धाकटा भाऊ असले रस्ते शोधतो. सहा फूट उंच झाला तरी घरात तो अजून बारक्याच. सायकलवाल्यांसाठी तो मार्ग आखून देतो, डोंगरातले, आडवाटेचे, जिथे गाड्यांचा त्रास नाही असे. आधी नकाशावर रेघ ओढायची, मग स्वतः सायकल चालवून बघायची, मगच लोकांना सांगायचं.

वर्षभर मात्र हे काम बंद होतं. बारक्याची फुप्फुसं बिघडली होती. मी दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. ड्यूटी संपली की त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याच्या खाटेशेजारी बसायचं आणि सकाळी पुन्हा खाली कामाला. आईच्याने जागरण होत नव्हतं आणि बाबा नाहीत, त्यामुळे करणारी मीच. मधे एकदा तर डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघायचंच टाळत होते. तो वाचला. मी मात्र तेव्हा जी दमले ती आजपर्यंत दमलेलीच आहे.

त्या दिवशी त्याची आजारपणानंतरची पहिली लांब फेरी होती. त्याला धड घरी परत आणायचं, एवढंच माझं काम.

"ताई, मी पुढे. तू मागे राहा," तो म्हणाला.

"पळायचं नाही. धाप लागली की सांगायचं. उगाच हिरोगिरी नको."

"आईपेक्षा तूच जास्त कटकट करतेस."

रांगेत सायकल चालवताना एक पद्धत असते. पुढच्याला जे दिसतं ते तो ओरडून सांगतो. "खड्डा!" "वाळू!" मागचा तेच आपल्या मागच्याला ओरडून सांगतो, आणि हाक अशी शेवटपर्यंत जाते. मागून काही सांगायचं असेल तर ती तशीच पुढे पुढे जाते. आम्ही दोघं कॉलेजपासून ग्रुपमध्ये चालवत आलोय. ही सवय जिभेला बसलेली आहे.

चढ सुरू झाला. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही. पाखरांचाही आवाज नव्हता, पण ते मला नंतर आठवलं. ऐकू येत होता तो फक्त बारक्याचा खोकला. तो येत राहिला की मला बरं वाटायचं. म्हणजे तो पुढे आहे, ठीक आहे.

"खड्डा!" बारक्या ओरडला.

"खड्डा!" मीही ओरडले. मागे कुणी नसताना. माझं मलाच हसू आलं.

आणि माझ्या मागून...

"खड्डा."

हळू आवाजात. दमलेल्या माणसाने म्हणायचं म्हणून म्हणावं तसं.

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. डोंगर आहे, आवाज घुमला असेल, असं म्हणून मी पॅडल मारत राहिले.

थोड्या वेळाने पुढून आलं, "वाळू!"

या वेळी मी मुद्दाम तोंड मिटून घेतलं.

तरीही मागून आलं... "वाळू."

बाईचा आवाज होता.

मग तिच्या मागून एक पुरुष. "वाळू." मग आणखी मागून कुणीतरी. मग इतक्या लांबून, की शब्द कळला नाही, नुसता सूर ऐकू आला.

पुन्हा मागे बघायची हिंमत झाली नाही.

आणि तेव्हाच पॅडल हलकं झालं. एवढा चढ, पण पायांना काही लागेना. मोठ्या रांगेत शिरलं की वारा दुसरे अंगावर घेतात आणि आपण नुसते ओढले जातो, तसं.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच माझा भार दुसऱ्या कुणीतरी उचलला होता. डोळे मिटून असंच जात राहावं असं वाटत होतं. मागे खडीवर चाकं करकरत होती. कितीतरी चाकं.

मग माझ्या लक्षात आलं...

खोकला थांबला होता.

बारक्या बराच पुढे गेला होता. चढावर, आजारपणातून उठलेला माणूस, आणि सपाट रस्ता असल्यासारखा चालला होता. वरच्या वळणावर धुकं उतरलं होतं. तो सरळ त्यातच शिरत होता.

"बारक्या, हळू!"

त्याने मान वळवली नाही.

धुक्यातून हाक आली... "वळण."

ती त्याची नव्हती. त्याच्या पुढून आली होती.

"वळण!" बारक्या मागे वळून ओरडला. कुणीतरी दिलेली हाक त्याने मला दिली.

म्हणजे तो सगळ्यांत पुढे नव्हता आणि मी सगळ्यांत शेवटी नव्हते. आम्ही मधे होतो.

मी जीव खाऊन ओरडले, "थांबा!"

"थांबा!" बारक्या म्हणाला. त्याच्या पुढे कुणीतरी म्हणालं. त्याच्याही पुढे. माझ्या मागेही तेच मागे मागे जात राहिलं. ब्रेक लागले. एकूण एक चाक थांबलं.

मग काहीच ऐकू येईना.

मी सायकल टाकून धावले आणि त्याचं हँडल धरलं.

"उतर. चालत खाली जाऊ."

"आता चला म्हण ना, ताई."

"काय?"

"ज्याने थांबवलं त्यानेच चला म्हणायचं. सगळे तुझ्यासाठी थांबलेत." अगदी समजुतीने बोलत होता. "आणि बघ, मला जराही दम लागलेला नाही. छातीत काही म्हणजे काही दुखत नाही."

मी सवयीने त्याचं मनगट धरलं. दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारी बोटं आहेत माझी. ती चुकत नाहीत.

नाडी सापडेना...

माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मी त्याला खाली ओढलं, दोन्ही सायकली वळवल्या, एक त्याच्या हातात दिली आणि उताराने चालायला लागले. वाटेत मला कुणी दिसलं नाही. बारक्या मात्र आपलं हँडल दर दोन पावलांनी जरा बाजूला घेत होता. कुणाला धक्का लागू नये म्हणून.

"सॉरी," असंही पुटपुटत होता. खूप वेळ.

खाली डांबरी रस्ता लागला आणि तो खोकला. वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला. मी मनगट धरलं तर नाडी धडधडत होती. मी रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडले.

आता तो बरा आहे. रिपोर्ट चांगले येतात. ती रेघ त्याने नकाशावरून माझ्यासमोर पुसली. यावर आम्ही फारसं बोलत नाही.

पण कधीकधी संध्याकाळी तो खिडकीशी बसतो आणि मधेच म्हणतो, "ताई, किती वेळ उभं ठेवायचं त्यांना? दमले असतील गं."

असतील. दमणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. त्या बाईचा आवाज आठवला की मला खरंच तिची दया येते. एक शब्द म्हटला तर ते सुटतील.

पण त्या रांगेत बारक्याची जागा अजून आहे की नाही, ते मला माहीत नाही. म्हणून मी तो शब्द म्हणत नाही. घरात नाही, कामावर नाही, कुठेच नाही.

परवा आई स्वयंपाकघराच्या दारातून सहज म्हणाली, "चला, जेवून घ्या."

बारक्या जागचा हलला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी उठले. त्याचं ताट वाढलं आणि जागेवर नेऊन दिलं.