पुढचं उजवं चाक

शर्यतीतली गाडी टायर बदलायला समोर येऊन थांबली आणि ठिणगीने चाकाचा नट काढला.

विचार करून नव्हे, सवयीने. गाडी थांबली की गुडघ्यावर बसायचं, हवेच्या दाबाची गन लावायची, नट सोडवायचा… यात डोकं चालवणाऱ्याला मामा दुसऱ्या दिवशी टायर धुवायला बसवायचा. नट सुटला आणि तिने मान वर केली. गाडी लाल होती. त्यांची गाडी तर निळी!

"अगं ए, कुणाची गाडी खोलतेयस?" मामा मागून ओरडला.

हेल्मेटच्या काचेआडून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. तिच्याहून जास्त घाबरलेले. शेजारच्या लाल संघाचा चालक होता तो. गेल्या वर्षापर्यंत निळ्यांचीच गाडी चालवायचा. यंदा लाल संघाने जास्त पैसे मोजले म्हणून तिकडे गेला. आणि हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, विकलेला बैल जुन्या गोठ्याकडे वळावा तसा, टायर बदलायला जुन्या दारात येऊन उभा राहिला!

सगळी मंडळी तोंडात बोटं घालून बघत राहिली. चालकाला चूक कळली होती, गाडी गुरगुरायला लागली होती… क्षणात तो निघणार होता, आणि पुढचं उजवं चाक मोकळं होतं. ठिणगीने नट परत बसवला, गच्च आवळला, टायरवर थाप मारली. "जा!"

तो गेला. जाताना एकदा मान वळवून गेला, हे तिने पाहिलं. नको ते तिला नेमकं दिसायचं.

"शत्रूचं चाक बसवून दिलंस?" मामाने कपाळाला हात लावला.

"मग काय सुटू देऊ? चाक शत्रूचं असलं तरी आत माणूस असतो, मामा."

मामा निळ्या संघाच्या चाकवाल्यांचा मुकादम आणि तिचा सख्खा मामा. तिला लहानाची मोठी त्यानेच केली, तीही टायरांच्या राशीत. ठिणगी हे नावही त्याचंच. तिच्या पांढऱ्या हेल्मेटवर त्याने स्वतः एक पिवळीजर्द ठिणगी रंगवून दिली होती. म्हणून त्याच्यापुढे ती जास्त बोलली नाही, पण मागेही हटली नाही.

संध्याकाळी दोन गॅरेजांच्या मधल्या पातळ फळीवर टकटक झाली.

"आहे का कुणी? मी… सकाळचा चुकलेला."

बाकीच्यांनी त्याचं नाव लगेच 'पाहुणा' ठेवून टाकलं. ठिणगी हात पुसत बाहेर आली. ती यंदाच चाकांच्या कार्यशाळेतून शर्यतीवर आली होती, त्यामुळे त्याला इतक्या जवळून तिने कधी पाहिलं नव्हतं. हेल्मेटशिवाय तो अगदीच साधा दिसत होता. कान जरा मोठे, केस घामाने चिकटलेले. दूरदर्शनवर बरा दिसतो, तिच्या मनात आलं.

"आभार मानायला आलो. तुम्ही चाक तसंच सोडलं असतं तर पहिल्या वळणाला मी भिंतीत असतो."

"आभार ठेवा तुमच्याकडेच. पुढच्या वेळी दारावरची पाटी वाचा म्हणजे झालं."

"एवढ्या वेगात पाटी वाचता येत नाही हो."

"मग हळू चालवा."

तो हसला. कान लाल झाले. "हळू चालवायचे पैसे मिळत नाहीत."

"जोरात चालवायचे मिळतात, म्हणून तर गेलात ना आम्हाला सोडून!" ती म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर मात्र तिला कळेना, आपण इतकं तिखट का बोललो, आणि बोलून इतकं छान का वाटतंय!

त्या वर्षी नियमांना नुसता ऊत आला होता. या प्रकारानंतर आणखी एक आला: दुसऱ्या संघाच्या गाडीला हात लावायचा नाही, लावलाच, तर गुण कापले जातील. पण सगळ्यांचं धाबं दणाणलं ते पैशाच्या नियमाने. कुठल्याही संघाने वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही! निळ्यांच्या मालकाने सगळ्यांना गॅरेजमध्ये उभं करून सांगितलं, "पाचव्या नंबरावर राहिलो तर बक्षिसाच्या पैशात आपली चाकांची कार्यशाळा चालेल. सहाव्यावर गेलो तर ती बंद. ते काम बाहेर देऊ."

  ज्या कार्यशाळेत मामाचे केस पिकले, तिच्या दाराकडे तो नुसता बघत राहिला. आणि निळ्यांना सहाव्यावर ढकलू शकणारा संघ एकच होता. शेजारचा, लाल!

एवढं सगळं माहीत असूनही फळीवर टकटक होतच राहिली.

मामाची एक जुनी शिस्त होती. बाकीच्या संघांची माणसं शर्यत चालू असताना आत पडद्याकडे बघत बसायची. मामाची माणसं दारात, आपापल्या चाकाच्या रेषेत, स्टुलावर बसायची. उठलं की दोन पावलांत चाक. ठिणगी पुढच्या उजव्या चाकाची, म्हणून तिचं स्टूल दाराच्या पुढच्या टोकाला, लालांच्या फळीला चिकटून. लाल गाडी तिच्यासमोरून जायची आणि लगेच पुढे आपल्या जागेवर वळायची. एवढंच. पण दर वेळी काचेमागचे डोळे अर्धा क्षण तिच्याकडे वळायचे, आणि ती उगाचच गन पुसायला लागायची.

"तुम्ही वळताना समोर बघत नाही," एकदा ती फळीपाशी म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं? तुम्हीही टायरांकडे बघायला हवं ना?"

"मी… टायरांकडेच बघत होते."

"माझ्या?"

"तुमच्या टायरांत बघण्यासारखं काय आहे? उजवा पुढचा झिजवून टाकलाय नुसता."

"म्हणजे बघितलात!"

  त्याने पाण्याची बाटली पुढे केली, बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही बाटली सोडली. ती खाली पडून घरंगळत थेट मामाच्या पायाशी गेली.

मामाने बाटली उचलली, दोघांकडे पाहिलं, आणि ती पिऊन टाकली.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी मामाने तिला बाजूला घेतलं. दोन्ही संघ गुणांत अगदी गळ्यात गळा घालून उभे होते. जो पुढे राहील तो पाचवा.

"आज तू मागच्या उजव्या चाकावर. स्टूलही तिकडच्या टोकाला."

"का? माझं काही चुकलं?"

"लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार, बाळा? आज काही कमी-जास्त झालं तर पहिलं बोट तुझ्याकडे वळेल. त्याच्यापासून जितकी लांब, तितकी बरी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मामाचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने गन उचलली आणि दाराच्या मागच्या टोकाला जाऊन बसली.

अर्ध्या शर्यतीत पावसाची सर आली. समोरचा रस्ता धुरकट झाला, गाड्या पाण्याचे पडदे उडवत जाऊ लागल्या. लाल गाडी पुढे होती, टायर बदलून आलेली निळी तिच्या बरीच मागे. कार्यशाळा गेल्यात जमा होती. तेवढ्यात लाल गाडी टायर बदलायला आत वळली. ठिणगीने नाही-नाही म्हणत मान वर केलीच. लाल नाक तिच्यासमोरून पुढे सरकलं… आणि गर्रकन वळून निळ्यांच्या दारात उभं राहिलं.

पुन्हा!

 मामा अर्धवट उठलेला तसाच राहिला. पलीकडे लालांची माणसं टायर हातात धरून आपल्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "हात लावू नका! कुणी हात लावू नका!" मामा ओरडला. ठिणगी गन छातीशी धरून थिजली होती. काचेमागचे डोळे आधी पुढच्या स्टुलाकडे गेले, मग मागे तिच्याकडे, आणि विस्फारले.

तो निघाला, आपल्या जागी गेला, टायर बदलले. पण एवढ्या वेळात निळी गाडी पुढे निघून गेली होती, आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. पाचवा नंबर! गॅरेजमध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कुणीतरी ठिणगीला उचललं, तर ती लाकडासारखी ताठ.

तिच्या डोक्यात एकच घण पडत होता. त्याने मुद्दाम केलं. आपल्यासाठी, कार्यशाळेसाठी, दया येऊन…

लाल संघाच्या मालकीणबाईंच्याही डोक्यात तेच आलं. त्यांनी सरळ पंचांकडे तक्रार ठोकली: चालक फितूर झाला, निळ्यांनी पोरीच्या करवी त्याला फोडला. खरं ठरलं तर त्याला शर्यतींची दारं बंद, आणि निळ्यांचा पाचवा नंबर रद्द.

पंचांच्या खोलीबाहेरच्या बोळात तो ओल्या कपड्यांनिशी उभा होता. ठिणगी त्याच्या समोर जाऊन थडकली.

"भीक घातलीत आम्हाला?"

"काय?"

"नंबर मागितला होता मी? माझ्या मामाने आयुष्यभर एक नट खोटा आवळला नाही. आणि तुम्ही त्याच्या पदरात हे टाकता!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला… तुम्हालाही तसंच वाटतं?"

"मग काय वाटून घेऊ? सांगा ना!"

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले. तेवढ्यात दार उघडलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

लांब टेबलामागे तीन पंच, एका बाजूला मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला निळ्यांचे मालक, मामा आणि ठिणगी.

"चुकीच्या जागी का थांबलात?" मधल्या पंचाने विचारलं.

"पावसात पाटी दिसली नाही."

"पाटी वर्षभरात कधी तरी दिसली होती?"

त्याचे कान पुन्हा लाल व्हायला लागले.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्या शर्यतीनंतर मी पाटी बघणंच सोडलं. दुसरी खूण धरली."

"कसली?"

त्याने एकदा ठिणगीकडे पाहिलं. माफी मागितल्यासारखं.

"यांच्या हेल्मेटवर पिवळी ठिणगी आहे. ती मागे पडली की वळायचं. वर्षभर एकदाही चुकलो नाही… आज ती मागे पडली, मी वळलो."

 मालकीणबाईंच्या हातातला चष्मा टेबलावर पडला. "माझ्या कोट्यवधींच्या गाडीची खूण… शेजारची पोरगी?"

"एवढ्या माणसांत नेमकी हीच का खूण धरलीत?" पंचाने विचारलं. प्रश्न कामाचा होता, पण आवाज तितका कामाचा राहिला नव्हता.

"कारण तसंही मी तिकडेच बघत होतो," तो म्हणाला. "माझं प्रेम आहे यांच्यावर. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज बोळात सांगणार होतो, पण त्या रागावल्या होत्या."

 ठिणगीने टेबलाची कड घट्ट धरली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला मात्र फक्त ते दोन मोठे, लालभडक कान दिसत होते.

"थांबा हो," मामा अचानक उभा राहिला. त्याच्याच चेहऱ्याचा रंग सगळ्यात जास्त उडाला होता. "तिला मागच्या स्टुलावर मी बसवली. आज सकाळी. यांच्यापासून लांब राहावी म्हणून! गडबड माझ्याच शहाणपणाने झाली… कॅमेऱ्यातली वर्षभराची चित्रं काढून बघा."

वरच्या कॅमेऱ्याची चित्रं लावली. दुसऱ्या शर्यतीपासून एकेक करत सगळ्या. दर वेळी पुढच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि तो मागे टाकून लगेच वळणारी लाल गाडी. शेवटच्या चित्रात ठिपका मागच्या टोकाला होता. गाडी तशीच, ठिपका मागे टाकून लगेच वळली होती. निळ्यांच्या दारात.

पंच एकमेकांकडे बघत राहिले. त्यातल्या एकाने तोंडावर हात धरला होता.

"मूर्खपणा आहे," मधल्या पंचाने निकाल दिला. "पण फितुरी नाही. नंबर कायम. आणि पुढच्या वर्षी नियमांत एक ओळ वाढवा: खूण म्हणून माणूस धरू नये."

मालकीणबाई उठल्या. "पुढच्या वर्षी तू माझ्या गाडीत असशील की नाही, ते उद्या सांगते," एवढंच त्याला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बाहेर पाऊस थांबला होता. रिकाम्या रस्त्यावर पाण्याची तळी चमकत होती. मामा त्या दोघांच्या पुढे चालत होता. मग उगाचच बुटाचा बंद बांधायला वाकला. मग आठवलं, की बुटाला बंदच नाहीत, आणि भराभर गॅरेजकडे निघून गेला.

"बोळात मी…" ठिणगी थांबली. "भीक म्हणाले. चुकलंच माझं."

"गाडी जाईल कदाचित माझी," तो म्हणाला. "म्हणजे खुणेचीही गरज राहणार नाही."

"राहणार नाही?"

"…गाडीला. मला राहील."

तिने हेल्मेट काखेतून काढलं. पिवळ्या ठिणगीवरचं पाणी बाहीने पुसलं, आणि ते त्याच्या ओल्या हातांत ठेवलं. या वेळी बोटाला बोट लागलं, तरी कुणी काही सोडलं नाही.

"पहिल्या दिवशी नट काढल्यावर मी तुझ्या डोळ्यांकडे बघत बसले होते," ती म्हणाली. कधी 'तू' वर आली, तिचं तिलाही कळलं नाही. "मामाला सांगितलं, आत माणूस असतो म्हणून आवळला. पण मला भीती वाटली होती, तुझ्यासाठी. तुझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते तेव्हा."

त्याने हेल्मेट छातीशी धरलं. आज दिवसभर सगळ्यांना धक्के देऊन झाले होते. आता त्याची पाळी होती.

"आणि ऐक," फळीपाशी पोचल्यावर ती वळून म्हणाली, "पुढच्या वेळी वाट चुकायचीच असेल ना… तर गाडी न घेता ये."