वायर माझ्या हातात होती

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर इथेच सोडून द्या, मी कोणाच्या हातापाया पडणार नाही.

मी धम्मदीप. हडपसरला राहतो, मी आणि धाकटी बहीण आम्रपाली. आई-बाबा गेल्यापासून मला तीच एक. आमच्या घरात गाडीला कधी लिंबू-मिरची बांधली गेली नाही. भूतबित सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल करायचो.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. सोसायटीचं पार्किंग. आणि रात्र नव्हे, भर दुपार.

गाडी तशी नवीच. पण बॅटरी टिकेना. बदलली, ती पण बसली. मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला. तो जळला. दुसरा टाकला. तोही जळला.

गॅरेजवाले श्यामराव वैतागले. "अहो, गाडीतलं सगळं बदलून झालं. आता मालक बदलून बघा!"

शेवटी उपाय त्यांनीच सांगितला. गाडी लावली की बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायची, निघताना परत जोडायची. वायरच नाही तर करंट जाणार कुठे?

एकदा वायर काढून जिना चढत होतो, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला...

आमच्याच गाडीचा.

खाली येऊन बघितलं. वायर सुटलेलीच. दुसऱ्या कोणाची गाडी असेल, असं म्हणून मी विषय संपवला.

मग तो शनिवार. आम्रपालीला कोल्हापूरच्या बससाठी स्वारगेटला सोडायचं होतं. आदल्या दिवशी बॅटरी बसली तेव्हा डाव्या दाराची काच खालीच राहिली होती. चार्ज केलेली बॅटरी मी नुकतीच बॉनेटखाली बसवली होती. वायर हातात होती, जोडायची होती.

"दादा, आवर ना! बस जाईल माझी. आणि हे दार उघडत नाहीये."

"आत वाकून उघड की. काच खालीच आहे," मी खेकसलो.

ती वाकली. उघड्या बॉनेटमुळे ती मला दिसेनाशी झाली.

आणि आवाज आला... घुर्रर्र...

काच वर चढण्याचा.

मी हातातल्या वायरकडे बघत राहिलो. काच वर जाणं शक्यच नव्हतं.

आम्रपाली किंचाळली. किंकाळी मध्येच तुटली.

मी धावलो. डोकं आत, धड बाहेर, काच गळ्यात रुतलेली. ती पाय झाडत होती. मी दोन्ही हातांनी काच खाली दाबली. ती वरच चढत होती. थांबत... पुन्हा चढत... कोणीतरी मजा घेत बटण दाबावं तशी.

कडेला पडलेला पेव्हर ब्लॉक उचलला आणि काचेच्या कोपऱ्यावर हाणला. पुन्हा हाणला. वेड्यासारखा हाणत सुटलो. काच फुटली. माझा तळहात फाटला. तिच्या मानेवर, कुर्त्यावर रक्तच रक्त. कोणाचं किती, कळेना.

ती खाली कोसळली. मी उचलायला वाकलो तर तिने माझ्या छातीत लाथ घातली.

रांगत ती गेटवरून धावत आलेल्या वॉचमन महिपतीकाकांकडे गेली. त्यांच्या मागे लपली.

"काका, ह्याला धरा! हा मारतोय मला!"

दवाखान्यात टाके पडले. तिचा आवाज बसला होता. तरी महिपतीकाकांसमोर ती बोललीच.

"तू आत होतास, दादा. ड्रायव्हरच्या सीटवर. बोट बटणावर. मी तुला हाक मारत होते आणि तू... हसत होतास."

महिपतीकाका गडबडले. "ताई, साहेब बॉनेटपाशीच हुते. म्या बघितलं ना डोळ्यांनी."

"काका, मला माझा भाऊ ओळखू येत नाही का?"

मला राग आला. मग भयंकर भीती वाटली. कारण आम्रपाली खोटं बोलत नाही, आणि महिपतीकाकाही नाहीत.

गाडी अजून खालीच उभी आहे. श्यामराव तिला हात लावायला तयार नाहीत.

आम्रपाली आता झोपताना खोलीला आतून कडी लावते.

ती कडी मीच बसवून घेतली. सुताराला म्हणालो, जरा जाड बघ... बाहेरून कोणी कितीही धक्के मारले तरी तुटता कामा नये.