भिंतीपलीकडचे सर

"मॅडमचं काम चोख असतं, त्याबद्दल प्रश्नच नाही... पण पुढं जाण्याची भूक त्यांच्यात दिसत नाही."

हे वाक्य वहिनीच्या कानांवर दोनदा आलं. आधी भिंतीतून, कारण बोलणारा पलीकडच्याच खोलीत दार लावून बसला होता. आणि मग क्षणभरानं हेडफोनमधून, कारण कंपनीच्या लेखी तो कुठंतरी दूर, आपल्या घरी बसलेला तिचा वरिष्ठ होता. पहिल्यांदा ऐकून काळजात चर्र झालंच होतं. दुसऱ्यांदा ऐकताना वाटलं, हा घाव घालणाऱ्याला तर आपणच हात धरून शिकवलं होतं...

लॅपटॉपवर तीन चौकोन होते. एकात ती, एकात एचआरच्या बाई, आणि एकात पांढऱ्या भिंतीसमोर ताठ बसलेला तिचा धाकटा दीर. ती भिंत मागच्या वर्षी तिनंच रंगवून घेतली होती. व्हिडिओत घर ओळखू येऊ नये म्हणून!

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा दप्तर कोपऱ्यात भिरकावून "वहिनी, भूक लागली" असं ओरडतच दारातून आत यायचा. नवरा जहाजावरची यंत्रं सांभाळणारा, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. सासूबाई दम्यानं थकलेल्या. म्हणजे धाकट्याची शाळा, ताप, भांडणं, परीक्षा, सगळं तिच्याच पदरात. ज्याची भूक भागवण्यात तिच्या तारुण्याच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या, तोच आज तिला भूक नाही म्हणत होता. नशीब थट्टा करतं म्हणतात, पण त्यालाही काही धरबंद असावा की नाही?

कॉलेज झाल्यावर त्याला नोकरी मिळेना. हुशारी होती, पण मुलाखतीला बसला की तोंडाला कुलूप. मग याच जेवणाच्या टेबलाशी वहिनीनं त्याला प्रोग्रॅमिंग पहिल्यापासून शिकवलं. ती चष्मा नाकावर ओढून खडूस साहेब व्हायची, आडवेतिडवे प्रश्न विचारायची आणि तो हसून हसून बेजार व्हायचा. पुढं तिच्याच टीममध्ये जागा निघाली. अडचण एकच होती. एका टीममध्ये नातेवाईक चालत नसत. नातं सांगितलं असतं तर त्याला दुसऱ्या शहरातल्या शाखेत धाडलं असतं, आणि त्या नुसत्या कल्पनेनं सासूबाईंचा श्वास वर चढला होता. तेव्हा वहिनीच म्हणाली होती, "ऑफिसात मी तुझी कोणी नाही. आत तर जा, पुढचं पुढं बघू." ऑफिसात तिचं माहेरचंच आडनाव होतं. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

पुढचं पुढंच राहिलं. ऑफिसात तो मॅडम म्हणू लागला आणि काम घरून करायची पद्धत आली तशी ही नाटकं घरातच सुरू झाली. भिंतीवरचं जुनं घड्याळ टोले देण्याआधी घशात काही अडकल्यासारखं खरखरायचं. ते दोघांच्या माइकमधून एकदम ऐकू जाऊ नये म्हणून दोघंही आधीच म्यूट करायचे. सासूबाईंनाही तो शब्द पाठ झाला होता. खोकल्याची उबळ दाबत त्या हातानंच खुणावायच्या, "मी म्यूट आहे गं!"

आणि मग ते लीडचं, टीमच्या प्रमुखाचं पद... ते वहिनीकडे चालून आलं होतं. नेमकं तेव्हाच धाकट्यानं लांबच्या एका कंपनीत नोकरी मिळवली होती. पगार वाढवायचा तर कंपनी बदलायची, या धंद्यात तसंच चालतं, तो तरी काय करणार? पण सासूबाईंनी जेवण टाकलं, आणि वहिनी मुकाट्यानं साहेबांना जाऊन भेटली. महिन्याभरात धाकटा लीड झाला. पगार वाढला, जाणं रद्द झालं, सासूबाई पोटभर जेवल्या. वहिनीला डावलून आपल्याला घेतलं, असंच तो समजून होता, आणि तिनं त्याला तसंच समजू दिलं.

आता मात्र तिचा स्वतःचा जीव टांगणीला लागला होता. एकाच श्रेणीत अडकून राहिलेल्यांची नावं कपातीच्या वेळी आधी निघतात, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. या वर्षी वरची श्रेणी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी नोकरीच राहील की नाही, कोण जाणे. म्हणून तिनं पहाटे उठून नव्या तंत्राच्या परीक्षा दिल्या होत्या, बंद पडू पाहणारं एक अख्खं काम एकटीनं मार्गी लावलं होतं. धाकट्यानं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. कितीदा तरी तिच्यासाठी चहासुद्धा करून आणला होता!

"तर शेरा 'समाधानकारक' असा राहील," भिंत म्हणाली. मग हेडफोन म्हणाला.

"मॅडम, तुम्हाला काही बोलायचंय?" एचआरच्या बाईंनी विचारलं.

बोलायचं खूप होतं. पण तोंड उघडलं असतं तर नातं उघड होऊन त्याचं लीडपद गेलं असतं. वहिनीनं डोळ्यांना पदर लावावा तशी कॅमेऱ्यापासून मान वळवली आणि म्हणाली, "नाही. सर म्हणतात ते बरोबर असेल."

"मला मात्र आश्चर्य वाटतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "भूक नाही कसं म्हणायचं? लीडचं पद आधी यांनाच देऊ केलं होतं ना. त्या मीटिंगला मी होते. घरच्या अडचणीमुळं जमणार नाही म्हणाल्या, आणि सर, तुमचं नाव यांनीच सुचवलं. तुम्हाला माहीतच असेल."

तिसरा चौकोन थिजला. वहिनीला वाटलं, नेट गेलं. पण धाकट्याचे डोळे हलत होते.

"जुनी गोष्ट आहे ती, जाऊ द्या..." वहिनी घाईघाईनं म्हणाली, आणि त्या गडबडीत दोघंही घड्याळ विसरले. ते खरखरलं. मग टोले पडू लागले, तिच्या माइकमधून आणि त्याच्याही, एका सुरात.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "गंमतच आहे. तुमच्या दोघांकडे सारखंच घड्याळ?"

वहिनीची जीभ सवयीनं त्याच्या मदतीला धावली. "माझ्या हेडफोनचा दोष आहे, मॅडम. आवाज घुमतो आणि दुसऱ्यांच्या बाजूनं आल्यासारखा वाटतो. सरांकडे कुठलं घड्याळ!"

"असेल," म्हणत बाई हसल्या. प्रकरण तिथंच मिटत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीची कडी वाजली. तिसऱ्या चौकोनातली पांढरी भिंत डुलली, दाराची चौकट दिसली, पंखा दिसला, आणि लॅपटॉप दोन्ही हातांत धरलेला धाकटा जेवणाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता, लहानपणी काही फुटलं की व्हायचा तसा.

"वहिनी, सरक जरा," तो म्हणाला.

ऑफिसच्या कानांवर तो शब्द पहिल्यांदाच पडत होता. वहिनीनं घाबरून माइकवर हात ठेवला. "वेडा झालास का? जा आत! मी सांभाळलंय सगळं."

"तेच. प्रत्येक वेळी तूच सांभाळायचं का?" त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला आणि तिच्या चौकोनात, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. "मॅडम, या माझ्या सख्ख्या वहिनी. आम्ही एकाच घरात राहतो. मी हे लपवलं. यांना वरचा शेरा दिला आणि उद्या नातं उघड झालं, तर माझ्याकडे बोट दाखवलं जाईल, या भीतीनं मी मुद्दाम खालचा दिला. तो शेरा खोटा आहे."

बाई स्क्रीनकडे वाकल्या. "याचा परिणाम काय होईल ते कळतंय ना तुम्हाला? आणि मॅडम, तुम्हालाही जाब द्यावा लागेल."

"देईन," वहिनी म्हणाली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज तिचा स्वतःचा वाटत होता.

चौकोन विझले. धाकट्यानं टेबलावर डोकं टेकलं. "मला सांगितलं का नाहीस? मी खरंच समजत होतो की तुला डावललं... मला तर तेव्हा आनंद झाला होता, वहिनी. तुझ्या पुढं गेलो म्हणून आनंद झाला होता!"

त्याच्या तोंडून हे ऐकणं शेऱ्याहून कठीण होतं. त्याच्या केसांवर ठेवायला उचललेला वहिनीचा हात क्षणभर हवेतच राहिला. "शेऱ्याचा राग नाही रे मला. पण भूक नाही म्हणालास... माझीही होती. तुम्हा सगळ्यांचं होईपर्यंत मी थांबले, एवढंच." आणि मग तिचे अश्रू आवरेनात. हात आपसूक त्याच्या केसांवर उतरला.

दारातून सासूबाई डोकावल्या. "काय झालं गं? बोलू का आता?"

"बोला, आई," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "आता कुणी म्यूट नाही."

धाकट्याचं लीडपद गेलं. त्याची दुसऱ्या शहरातल्या टीममध्ये बदली झाली आणि या वर्षीची पगारवाढ दोघांचीही रोखली. वहिनीचं मूल्यांकन नव्यानं होणार होतं. निकाल काय लागेल ते कुणीच सांगत नव्हतं. नोकरीवरचं सावट काही हटलं नव्हतं, आणि सासूबाईंचा श्वास पुन्हा चढू लागला होता.

नव्या लीडकडे काम सोपवण्याच्या दिवशी सगळी टीम व्हिडिओवर जमली होती. धाकटा जेवणाच्या टेबलाशी, वहिनीच्या समोरच बसला होता. नव्या लीडनं बंद पडता पडता वाचलेल्या त्या अवघड कामाबद्दल खोदून विचारलं, "हे मार्गी लावलं कुणी? कुणाला विचारायचं?"

"मॅडमना..." तो बोलून गेला आणि थांबला. त्यानं समोर पाहिलं. "माझ्या वहिनीला विचारा. मलाही तिनंच शिकवलंय."

कुणीतरी खुदकन हसलं. घड्याळ खरखरू लागलं. वहिनीचा हात सवयीनं म्यूटच्या बटणाकडे गेला आणि मागं आला. टोले संपेपर्यंत ती थांबली.

"हं," ती म्हणाली, "विचारा."