घड्याळाची पाठ

सात घड्याळं एका रुमालात बांधून आणणारा माणूस एक तर घड्याळजी असतो, नाही तर चोर. तो घड्याळजी नव्हता, हे मला पहिल्या मिनिटातच कळलं. त्यानं रुमालाची गाठ सोडली आणि सातही घड्याळं काचेच्या काउंटरवर ओतली... भुईमुगाच्या शेंगा ओताव्यात तशी.

त्या बुधवारी औरंगाबाद बंद होतं. विद्यापीठाच्या नावाचा वाद पुन्हा पेटला होता. गुलमंडीच्या भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्याची बस आली नाही, म्हणून मी त्रिंबकमामाच्या घड्याळांच्या दुकानात येऊन बसले होते. कारखान्यात मी प्लेटिंगच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. मामाकडे फावल्या वेळात घड्याळांच्या केसना निकेल चढवायचे, डाग पडलेल्या डायली नव्यानं रंगवायचे. शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. त्याखालून वाकून तो आत आला आणि थेट मला म्हणाला, "डायलचं रंगकाम करणाऱ्या बाई तुम्हीच का?"

दुकानात येणारा प्रत्येक जण मला ताई म्हणायचा. हा म्हणाला नाही. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

मामानं वही उघडली. नाव? सूर्यभान. गाव? फर्दापूर.

"आडनाव?"

"नाव-गाव पुरं की, मामा. घड्याळं सात हायेत, तेवढं लिहा."

मामाचं पेन थांबलं. त्या दिवसांत आडनाव विचारणं म्हणजे सगळंच विचारणं होतं, आणि न सांगणाऱ्याकडे लोक दोनदा बघायचे. मीही बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, लांब पापण्या – आणि उत्तर देताना त्या पापण्या खाली झुकत होत्या.

त्यानं खिशातून एक रंगीत फोटो काढला. दौलताबादला टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग चालू होतं आणि तो तिथं सामान सांभाळायला रोजावर लागला होता. मालिका पन्नास वर्षांपूर्वीच्या काळातली. फोटोत नायकाचा हात, हातात घड्याळ. सायीच्या रंगाची डायल, निळे काटे, खाली सेकंदाचा छोटा गोल. ते घड्याळ हरवलं, असं तो म्हणाला. रविवारी शेवटचं शूटिंग, सोमवारी सगळे मुंबईला परत. तोवर हुबेहूब तसं दुसरं पाहिजे. ही सात त्यानं शहागंजच्या जुन्या बाजारात तीन आठवडे हिंडून गोळा केली होती.

तीन आठवडे! म्हणजे घड्याळ तीन आठवड्यांपूर्वी हरवलं होतं. मग इतके दिवस नायक कोणतं घड्याळ घालत होता? मी विचारलं नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

सातांपैकी सहा बाद झाली. सातव्याचा आकार जुळत होता, पण त्यावर भलत्याच कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं.

"ते पुसावं लागंल," तो म्हणाला. "आमच्या घड्याळावरचं नाव झिजून गेलंय. दोन बारीक शब्द असावेत, एवढंच दिसतं. तिथं तुम्ही काय बी लिहा अन् चोळून टाका. म्हणजे घड्याळाचं नामांतरच म्हणा की."

मामानं पटकन शटरकडे पाहिलं. तो शब्द तेव्हा माणूस बघून उच्चारायचा असे.

"तुम्ही कुणीकडचे?" मी विचारलं.

"मी? फर्दापूरकडचा."

मामा हसला. मी हसले नाही... निदान त्याला दिसेल असं नाही.

गुरुवारपासून तो रोज संध्याकाळी माझ्या बसच्या आधी दुकानात हजर असायचा. काम मी मन लावून करत होते, कारण काम अवघड होतं. नवं करणं सोपं असतं, जुनं करणं अवघड. चहाच्या रंगाचं लॅकर डायलवर तीनदा चढवलं, तेव्हा कुठं ती फोटोतल्यासारखी पिवळसर झाली. केसला निकेल चढवलं आणि लगेच चावीजवळच्या कडेवरून घासून उतरवलं. मूळ घड्याळात तिथं खालचं पितळ दिसत होतं.

शुक्रवारी काटे निळे करायचे होते. पोलादाचा काटा पितळी पट्टीवर ठेवून खालून स्पिरिटचा दिवा लावायचा. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा... आणि मग एकदम निळा. त्या क्षणी उचललं नाही तर काटा राखाडी पडतो.

"बोलू नका आता," मी म्हटलं.

तो श्वासही घेत नव्हता बहुतेक. आमची डोकी त्या दिव्यावर इतकी जवळ आली होती की त्याच्या केसांचा वास मला येत होता – धुळीचा आणि खोबरेल तेलाचा. निळा आला. मी चिमट्यानं काटा उचलला.

"लई थोडा वेळ ऱ्हातो हो निळा," तो हळूच म्हणाला.

"म्हणून लक्ष ठेवावं लागतं."

"मी ठेवलं की." आणि तो काट्याकडे बघत नव्हता.

माझे कान तापले. दिव्यामुळे असतील, असं मी ठरवलं.

शनिवारी त्यानं उरलेल्या खुणा सांगितल्या. पट्ट्याचं तिसरं भोक ताणलेलं पाहिजे. पाठीमागं, खालच्या बाजूला, गव्हाच्या दाण्याएवढी खाच पाहिजे. वजन थोडं जास्त भासलं पाहिजे.

मी हातातली कानस खाली ठेवली. फोटोत घड्याळाची पाठ नव्हती. आणि मुद्दा नुसता तेवढाच नव्हता.

"कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही," मी म्हटलं. "वजन तर मुळीच कळत नाही. ते कुणाला कळतं? घालणाऱ्याला. तुम्हाला हे कॅमेऱ्यासाठी नकोच आहे. घड्याळ हरवलेलं नाही, ते नायकाच्या हातातच आहे. तुम्ही हे तिथं ठेवणार आणि ते उचलणार."

मामाचा भिंग लावलेला डोळा वर झाला. सूर्यभाननं हातातला फोटो खाली ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "पर चोरी नाय ती. घड्याळ माझ्या बापाचं हाय."

त्याचे वडील मुंजाबा अजिंठ्याच्या लेण्यांत आलेल्यांना दिवा धरून चित्रं दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मागं राहिलं ते हे घड्याळ. शूटिंगला जुनं घड्याळ मिळेना, तेव्हा दोन दिवसांसाठी म्हणून यानं हातातलं काढून दिलं. नायकाला ते आवडलं. आता शूटिंगचे मॅनेजर काकासाहेब म्हणत होते की सामानातली वस्तू ती सामानाची, तुझं असल्याची पावती दाखव. सोमवारी घड्याळ मुंबईला गेलं की संपलं.

गोष्ट चांगली होती. पण चांगली गोष्ट सांगता येणं हा काही पुरावा नव्हे.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही पोलिसांत गेला असता. नायतर आडनाव इचारलं असतं, मग गेला असता."

"पुरावा काय तुमच्याकडे?"

"बाप सांगायचा, गुलमंडीवरच्या त्रिंबकनं स्प्रिंग बदलली. म्हणून तर हितं आलो."

मामा उठला. माळ्यावरून जुन्या वह्यांचं गाठोडं खाली आलं. शिंका देत, पानं उलटत अर्धा तास गेला. मग त्याचं बोट थांबलं. मार्च १९६८. मुंजाबा, फर्दापूर. मेन स्प्रिंग बदलली.

"खोललेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात, आतून, मी सुईनं खूण करतो," मामा म्हणाला. "अक्षर अन् तारीख. खूण केली म्हणजे ते घड्याळ माझ्या जबाबदारीचं." मग त्यानं त्या ओळीवरून हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाला, "तेव्हा मी नाव-गावच लिहायचो. आडनावाचा रकानाच नव्हता."

तरीही मी म्हटलं, एखाद्या मुंजाबानं एक घड्याळ दुरुस्त करून नेलं, एवढंच वहीवरून सिद्ध होतं. ते हेच, हे उघडून पाहिल्याशिवाय कसं कळणार? अदलाबदल करायची नाही. उद्या मी स्वतः येते, सगळ्यांसमोर झाकण उघडते.

"अन् खूण नसली तर?" सूर्यभाननं विचारलं.

"तर मला वाटत होतं ते खरं निघेल."

तो मान खाली घालून गेला. मी डायल पुरी करायला बसले. बाराच्या आकड्याखाली दोन बारीक शब्द लिहायचे राहिले होते. काय बी लिहा, असं तो म्हणाला होता. मी सगळ्यात बारीक कुंचला घेतला, दोन शब्द लिहिले आणि नुसत्या डोळ्यांना दोन पुसट डागच दिसतील इतके चोळले. ते शब्द होते – खरं सांगा.

रविवारी दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी खुर्च्या मांडल्या होत्या. मामाच्या जुन्या वहीवर काकासाहेबांनी नजरही टाकली नाही. म्हणाले, अशा वह्या कुणीही लिहील.

"झाकणाच्या आतलं नाही लिहिता येणार," मी म्हटलं. "पाच मिनिटं लागतील."

ते नको म्हणणार, तेवढ्यात नायकानंच घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं. हे कुणाचं तरी आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी रुमाल अंथरला. घड्याळ उलटं ठेवलं. गव्हाच्या दाण्याएवढी खाच होती. झाकणाच्या फटीत सुरी घातली... आणि माझा हात थबकला. प्रयोगशाळेत मी हजारो नमुने तपासले होते. आम्ल किती, निकेल किती. जे निघेल ते लिहायचं, एवढंच माझं काम. पण त्या क्षणी मला पहिल्यांदाच एखादं उत्तर आधीच हवं होतं. खूण असू दे, असं मी मनात म्हणत होते.

सूर्यभान माझ्या थबकलेल्या हाताकडे बघत होता. त्याला दिसलं असणार.

झाकण टक् करून उघडलं. मी भिंग लावलं.

त्रिं. १२-३-६८.

मी भिंग काकासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा बघितलं, वहीतली तारीख एकदा बघितली आणि घसा खाकरला. सूर्यभाननं भिंग घेऊन माझं नवं घड्याळ एकदा निरखलं आणि नायकापुढं धरलं. नायक ते हातात घेऊन म्हणाला की हेच जास्त शोभतं, शूटिंगला हेच चालेल. आणि त्यानं ते मनगटावर चढवलंही.

परतीच्या बसमध्ये सूर्यभान माझ्या मागच्या बाकावर बसला. वडिलांचं घड्याळ त्यानं हाताला बांधलं नव्हतं, मुठीत धरलं होतं. गुलमंडीचा थांबा आला, तेव्हा तो पुढं वाकला.

"तुम्ही आडनाव इचारलंच नाय."

"वहीत रकाना नाही," मी म्हटलं आणि उतरले.

त्यानंतर तो आला नाही. एक महिना... दोन. मी त्याच्याबद्दल विचार करत नव्हते. फक्त रविवारी शटर वाजलं की वर बघायचे.

मालिका पावसाळ्यात टीव्हीवर आली. तिसऱ्या भागात नायकाचा हात पडदाभर दिसला, दोन सेकंद. माझे निळे काटे, माझी पिवळसर डायल आणि ते दोन डाग. मामा म्हणाला, छान जमलंय. मी पडद्याजवळ सरकले, पण तोवर हात निघून गेला होता.

पुढच्या रविवारी रिपरिप पावसात तो शटरखालून वाकून आला. शटर त्या दिवशी पूर्ण उघडं होतं, तरी वाकला. केसांतून पाणी निथळत होतं.

"घड्याळात वाफ धरतीया," तो म्हणाला.

मी काचेखाली बघितलं. वाफ नव्हती. कानाशी धरलं, चाल एकदम नीट होती. मग झाकणाच्या कडेला चाकूचा ताजा ओरखडा दिसला.

"हे कुणीतरी उघडलंय," मी म्हटलं.

"असंल."

"आणि बिघाड काहीच नाही. मग कशाला आणलंत?"

तो बाहेरच्या पावसाकडे बघू लागला. लांब पापण्या, त्यांवर पाणी. "तुम्हाला संशय लई," तो म्हणाला. "उघडून बघा ना."

मी झाकण उघडलं आणि भिंग लावलं. मामाच्या खुणेखाली वेडीवाकडी, खोल अक्षरं कोरलेली होती. सुईची सवय नसलेल्या हातानं.

सांगितलं. आता तुम्ही.

म्हणजे त्यानं त्या रविवारी किल्ल्यापाशी, नायकाच्या मनगटावर जाण्याआधी, भिंगातून ती डायल वाचली होती. आणि इतके महिने...

बोलायला मला कधीच पटकन जमत नाही. मी मामाच्या पेटीतून सुई काढली. दुकानात इतकी वर्षं काम करत होते, पण झाकणात खूण आजवर मामाचीच असायची. त्याच्या अक्षरांखाली, अगदी लागून, मी माझं नाव लिहिलं – म्हाळसा. आणि तारीख. मग झाकण दाबून बसवलं.

मामानं मान वर न करता विचारलं, "काय झालं होतं गं त्याला?"

"काही नाही. खूण करायची राहिली होती."

सूर्यभाननं घड्याळ घेतलं, उलटं केलं, झाकणावर अंगठा फिरवला. "काय लिव्हलंय?"

"घरच्या चाकूनं उघडू नका. ओरखडे पडतात." मी सुरी पुसली आणि खणात ठेवून खण लावून घेतला. "बघायचं असेल तेव्हा इथंच यायचं."

तो हसला. मग त्यानं ओल्या हातानं पट्टा तिसऱ्या भोकात अडकवला, आणि स्टूल ओढून तिथंच बसला.

"आलो की," तो म्हणाला. "उघडा."