दोन पेल्यांचा निकाल

"उद्या मावशीकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेणार!" झिपरी दातओठ खात म्हणाली. "तिनं काय घोडं मारलंय यांचं?"

एकाच समुद्राकाठचे तीन देश रोज पाणी तपासायचे, आकडे एकमेकांना पाठवायचे आणि मासेमारी कुठं थांबवायची ते मिळून ठरवायचे. इथलं पाणी तपासायची झिपरीची मावशी. महिनाभर इथलंच पाणी कमी खारट निघत होतं. पलीकडच्या देशातल्या शास्त्रज्ञ बाईंनी तिन्ही देशांना कळवून टाकलं : तपासणारी निष्काळजी आहे! उद्या तिन्ही देशांच्या वतीनं त्या स्वतः किल्ली घ्यायला येणार होत्या.

"पण पाणी तर प्रयोगशाळेचे साहेब आणतात," मावशीचा मुलगा बोका म्हणाला. "धक्क्याच्या टोकावरून, दोरीनं बाटली खोल सोडून."

झिपरीनं प्रयोगशाळेतल्या खुंटीवरची दोरी चाचपली. कोरडी ठाक! साहेब तर आत्ताच भरलेली बाटली ठेवून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धक्क्यावरच्या खोक्यांमागे दबा धरून बसली. साहेब आले ते थेट पायऱ्यांवर, बर्फाच्या कारखान्याचं वितळलेलं गोडं पाणी समुद्रात पडतं तिथं. तिथंच वाकून त्यांनी बाटली भरली!

"आळशी मेला!" झिपरी पुटपुटली.

"कोण आहे रे तिकडं? चालते व्हा, कार्टी कुठली!" साहेब खेकसले.

दोघं पळाली, पण घरी नाही. धक्क्याच्या टोकाला!

प्रयोगशाळेत बाई किल्लीसाठी हात पुढे करून उभ्या होत्या. मावशी किल्ली काढून द्यायच्या बेतात होती. झिपरीनं दोन पेले टेबलावर आदळले.

"यात टोकाचं पाणी, यात साहेबांच्या बाटलीतलं. दोन्ही एकाच जागचं ना, साहेब? मग चाखा!"

"हिला आधी बाहेर काढा!" साहेब ओरडले.

"चाखा," बाई थंडपणे म्हणाल्या.

साहेबांनी पहिला घोट घेतला. "थूः!" सगळा टेबलावर! दुसरा मात्र सरळ घशाखाली उतरला. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"उन्हात टोकापर्यंत... एवढं लांब..." ते चाचरले.

"आळस तुमचा आणि बोल माझ्या आईला?" बोका कडाडला.

बाईंनी हात मागे घेतला. "पोरांनो, आम्हा तीन देशांच्या शास्त्रज्ञांना जे सुचलं नाही, ते तुम्ही केलंत. शाबास!" मग त्या मावशीकडे वळल्या. "माझं चुकलं. माफ करा."

मावशी हसली नाही. तिनं किल्ली पदराला घट्ट बांधली.

"इथं चार भिंतींत नको," ती म्हणाली. "बदनामी तीन देशांत केलीत, माफीही तीन देशांत जाऊ दे. बसा, लिहा. मी उभी आहे."

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि लिहू लागल्या.