खिडकीतला चिरूट

एर्मेलिंदा मावशीचा पंखा बिघडला म्हणून मी आमच्या पराग्वेतल्या पारागुआरी गावी गेलो होतो, एवढंच. भुताखेतांची कामं मी घेत नाही.

दुपारच्या जेवणानंतर आमच्याकडे सगळं गाव झोपतं. कुत्रंसुद्धा भुंकत नाही. तापलेल्या मातीचा वास तेवढा घरात भरून राहतो. तो हिंडतो तो याच वेळी. त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत, मीही घेणार नाही. बुटका आहे, केसाळ आहे, शिट्टी वाजवतो. खिडकीत चिरूट ठेवला की खूश. मात्र एकदा ठेवायला लागलं की मध्येच थांबायचं नाही.

मावशीच्या मुलीने, मिर्नाने, नेमकं तेच केलं होतं. वीस वर्षांची पोरगी, चिरूट ठेवतानाचे व्हिडिओ काढून फोनवर टाकायची. पहिल्या आठवड्यात हजारो लाइक. मग लोक कंटाळले, तसे तिने चिरूटही बंद केले. आता ना धड जेवण, ना झोप. कुणी बघितलं का, हे दिवसभर बघत बसायची. सुकून गेली होती. मला फार वाईट वाटलं.

"आणि तिकडे तोही रुसलाय," मावशी कुजबुजली. "दूध सांडतो, अंडी पळवतो... एका घरात दोन रुसूबाई कशा सांभाळू रे देर्लिस?"

मी स्टुलावर चढलो, तेवढ्यात खिडकीबाहेर शिट्टी वाजली. बारीक, लांबलेली... आणि अगदी जवळ.

"मिर्ने, तो फोन सोड आणि एक चिरूट ठेव बाई," मावशी म्हणाली.

"फोनशिवाय? कुणी बघणारच नसेल तर कशाला ठेवू?"

बाहेरून घोगरा आवाज आला, "मी बघतो ना..."

मावशीने छातीवर क्रुसाची खूण केली. मी स्टुलावरून उतरलो, म्हणजे पडलोच. हातातला पेचकस कुठे उडाला, देव जाणे.

मिर्ना मात्र खिडकीकडे सरकली.

"खरंच?" तिने हळूच विचारलं. "रोज?"

"रोज..."

या गोष्टीला आता वर्ष झालं. मिर्ना हसते, गाढ झोपते. फोन फ्रिजवर धूळ खात पडलाय. मावशी म्हणते, पोरगी सुधारली, तू उगाच घाबरतोस. दुपारी मिर्ना दोन ताटं वाढून खोलीत नेते आणि दार लावून घेते. दोन्ही ताटं चाटूनपुसून परत येतात. परवापासून ती मऊ पेजेची एक छोटी वाटीही नेऊ लागली आहे.